कुंपणातली खिडकी आणि भुंकणारं कुत्रं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. कुत्र्याला बाहेरचं दिसावं म्हणून कुंपणाच्या भिंतीत पारदर्शक घुमट, म्हणजे ॲक्रिलिकची (काचेसारख्या प्लास्टिकची) बाहेर फुगलेली खिडकी, बसवावा असं मी सुचवलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन: असा घुमट बसवला की कुत्रं दिवसभर भुंकणार, उन्हाळ्यात आतमध्ये भाजणार, आणि जुन्नरसारख्या बिबट्याच्या पट्ट्यात हा वेडेपणाच.

भुंकण्याबद्दल सरसकट बोलता येत नाही. फाटकाखालच्या फटीतून नुसते पाय दिसतात, माणूस दिसत नाही. बरीच कुत्री या अर्धवट दिसण्यावरच चिडतात. मात्र भिंतीलगत दात विचकत धावणारं कुत्रं असेल, तर त्याला रस्त्याकडे खिडकी नकोच. ती घराच्या दाराकडे द्या. भिंत फोडण्याआधी फाटकाच्या पत्र्यात छोटी चौकट कापून जाळी लावा आणि आठवडाभर बघा. वेल्डिंगवाल्याचं तासाभराचं काम आहे.

उन्हाचं म्हणाल तर घुमट मागून उघडा असतो, कुत्रं हवं तेव्हा डोकं बाहेर घेतं. तरीही पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत टाळा. उन्हाचा खरा त्रास ॲक्रिलिकला होतो. 30 अंशांच्या फरकाने मीटरभर ॲक्रिलिक सुमारे 2 मिलिमीटर वाढतं. म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं ठेवायचं, खाली रबरी वॉशर घालायचा आणि स्क्रू करकचून आवळायचा नाही. नाहीतर तडा भोकापासूनच जातो. स्पिरिटने किंवा काच पुसायच्या अमोनियावाल्या द्रवाने पुसलं तरी बारीक भेगा पडतात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे. घुमटाचा मध्य उभ्या कुत्र्याच्या डोळ्यांच्या रेषेत हवा. वर बसवलात तर ते पुढचे पाय टेकवून नखांनी सगळं ओरबाडतं. (हे कारागिराला दहादा सांगावं लागतं, त्याला खिडकी म्हटली की माणसाची उंचीच सुचते.)

आता बिबट्या. सहा फुटी भिंत त्याला अडवत नाही, मग घुमट असो वा नसो. अंधार पडायच्या आत कुत्रं घरात किंवा वरून बंद असलेल्या पिंजऱ्यात हवं. अंगणात साखळीला बांधलेलं कुत्रं बिनखिडकीच्या भिंतीआडही सुरक्षित नाही.

शेळ्यांना असला घुमट मी सुचवतच नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने मान न वळवता त्यांना 300 अंशांहून जास्त दिसतं. त्यांना हवा-उजेडाची जाळी पुरते. फक्त तिची भोकं इतकी बारीक हवीत की शेळीची शिंगं अडकणार नाहीत आणि बाहेरून पंजा आत येणार नाही.