चौथा भिडू पाहिजे

माझ्या कपाटात अकरा बोर्डगेम आहेत आणि खेळायला माणसं अडीच. मी, बायको, आणि अर्धा म्हणजे आमचे सातवीतले चिरंजीव. हरायला लागले की त्यांना गृहपाठ आठवतो.

त्यामुळे कुठला गेम सगळ्यात भारी, या वादात मला आता रस नाही. नव्या माणसाला घरी बोलावलं तर पहिल्या दिवशी त्याच्यापुढे काय मांडायचं, एवढंच मी बघतो.

रिस्क हा गेम नको. जगाचा नकाशा, ४२ प्रदेश, फाशांवर लढाया, सगळं झकास. पण ज्याचं सैन्य संपलं तो बाहेर. लहानपणी व्यापार खेळताना ज्याचं दिवाळं निघायचं तो भाऊ पोहे खायला उठायचा आणि बाकीचे तासभर भाडं वसूल करत बसायचे, तसंच. पाहुण्याला पहिल्याच तासात बाहेर बसवायचं म्हणजे काय!

ब्रास बर्मिंगहॅम हा माझ्या मते कपाटातला सर्वांत देखणा डाव. औद्योगिक क्रांतीतलं इंग्लंड, आधी कालवे, मग रेल्वे. फासे नाहीतच. माल विकायचा तर बहुतेक वेळा बिअर लागते, आणि ती बिअर ऐन वेळी दुसराच पळवतो. पुण्यातल्या एका कॅफेत दोन अनोळखी मुलांबरोबर खेळलो. साडेतीन तास प्रत्येकजण मान खाली घालून आकडेमोड करत होता. घरी येताना लक्षात आलं, एकाचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

म्हणून माझं मत कॅटनला. जाणकार नाकं मुरडतात, माहीत आहे. क्लाउस टॉयबरचा १९९५ चा हा जर्मन खेळ आता बाळबोध वाटतो म्हणे. एका बेटावर वस्त्या उभारायच्या; प्रत्येक जमिनीवर एक आकडा, दोन फाशांची बेरीज तेवढी आली की तिथल्या वस्तीला विटा, मेंढ्या असा माल मिळतो. फाशांचा भरवसा नाही हेही खरं: आठ पडण्याची शक्यता ३६ त ५, दोनाची फक्त १, तरी परवा माझ्या जमिनीवरचा आठ अख्खी संध्याकाळ रुसून बसला. पण यात कुणी बाद होत नाही, दहा गुण झाले की डाव संपतो. दुसऱ्याने फासे टाकले तरी तुमच्या आकड्याचं पीक तुम्हाला मिळतं, त्यामुळे मोबाइलकडे हात जात नाही. आणि मुख्य म्हणजे बोलावंच लागतं. "दोन मेंढ्या घ्या, एक वीट द्या" म्हणत मंडईसारखी घासाघीस सुरू झाली की अर्ध्या तासात माणूस कळतो. कोण उदार, कोण चिक्कू, कोण गोड बोलून पीक अडवणारा चोर नेमका तुमच्याच शेतावर बसवतो.

(डिप्लोमसी नावाच्या गेममध्येही बोलावं लागतं, पण तिथे दिलेला शब्द मोडायला पूर्ण मुभा. शिवाय सात जण हवेत. माझ्याकडे अडीच.)

तर सोसायटीच्या ग्रुपवर, पाण्याचा टँकर आणि पार्किंगच्या भांडणाच्या मधोमध, मी आमंत्रण टाकलं. तीन अंगठे, एक "कॅरम आहे का?", आणि प्रत्यक्षात आले ते फक्त सी विंगचे काका. बँकेतून निवृत्त, ब्रिज आणि मेंढीकोटवर पोसलेले. "पोरखेळ आहे का रे हा?" म्हणत बसले, नियम वीस मिनिटांत उचलले आणि दुसऱ्याच डावात आम्हा दोघांना धुतलं. आता दर रविवारी चारला स्वतःची उशी घेऊन हजर असतात.

चिरंजीवांची सहामाही जवळ आली आहे, म्हणजे अर्धा भिडूही गेला. कोथरूडच्या आसपास कुणी असेल तर कमेंटमध्ये हात वर करा. खेळ येत नसला तरी चालेल, शिकवू. फक्त काका मेंढ्या मागायला लागले की देऊ नका.