मुंगसावर आळ घेण्याआधी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

परसातल्या कोंबड्या नेमकं कोण मारतं, या लेखावर तुम्ही चांगलं खरमरीत लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सिंधुदुर्गातल्या तुमच्या वाडीत बंद खुराड्यात एका रात्रीत पाच कोंबड्या मेल्या. तिघींच्या मानेवर दात, दोघींची मुंडकी गायब, रक्ताचा मात्र टिपूस नाही. ‘मुंगूस रक्त पितं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आणि तुम्ही लिहिता मुंगूस रात्री येत नाही. पावसाळ्यात राख पसरून ठसे कसले बघता? तोवर खुराडं रिकामं होईल. थिमेट (पिकावरचं जहाल कीटकनाशक) लावून एक मेलेली कोंबडी टाकली की काम झालं.’

आधी मुंगसाचं बघू. आपल्याकडचं करडं मुंगूस दिवसा हिंडतं, तिन्हीसांजेला बिळात शिरतं. भरदुपारी परसातून पिल्लं आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या) उचलण्यात ते पटाईत आहे, तिथे मी त्याची वकिली करणार नाही. पण ‘रात्रीत मेल्या’ याचा अर्थ शेवटचं मोजल्यापासून सकाळी दार उघडेपर्यंतचा सगळा वेळ, असाच धरावा लागतो. दुपारी चारला खुराडं लावून बाहेर गेलात आणि सकाळी आठला उघडलंत, तर दोन्ही टोकांना उजेडाचे काही तास येतात, आणि मुंगूस संशयितांत परत येतं. तुम्ही मात्र दिवेलागणीनंतर मोजून कोंबड्या आत घेतल्या आणि पहाटे साडेपाचला त्या मेलेल्या सापडल्या. या वेळेत मुंगूस बसत नाही.

आता रक्त. आपल्या भागातला कुठलाही शिकारी प्राणी कोंबडीचं रक्त शोषून घेत नाही. होतं असं की सुळे बारीक, त्यामुळे भोक बारीक. मानेची सैल कातडी परत त्या भोकावर सरकते आणि रक्त आतच साकळतं. बघायचं असेल तर हातमोजे घालून मानेची पिसं उपटा, ब्लेडने कातडी लांबीच्या दिशेने चिरा आणि उलटी करा. आतल्या बाजूला काळसर-जांभळा साकळलेला थर दिसला तर चावा कोंबडी जिवंत असताना बसलेला आहे. भोकं आहेत पण भोवतालचं मांस फिकट आहे, तर कोंबडी आधीच मेलेली होती आणि घुशीने किंवा उंदराने ती मागाहून कुरतडली. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण कितीतरी ठिकाणी आजाराने दगावलेली कोंबडी सकाळी कुरतडलेली सापडते आणि नसत्या जनावराच्या मागे धावाधाव होते. एकीलाही जखम नसेल आणि भराभर मरत असतील, तर मात्र चिरफाड अजिबात करू नका. मानमोडी (राणीखेत हा साथीचा आजार) असू शकते, बर्ड फ्लूही असू शकतो. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात तो आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. थेट पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन करा.

मुंडक्यांबद्दल तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही: धडं कुठे पडली होती? जाळीला चिकटून पडली असतील तर मारणारा आत आलाच नसेल. षट्कोनी भोकांची साधी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. घाबरलेली कोंबडी भोकातून मान बाहेर काढते आणि बाहेरचा मुंडकं ओढून नेतो. म्हणून बसायची दांडी जाळीपासून निदान दीड फूट आत हवी. धडं खुराड्याच्या मध्यभागी असतील तर कोणीतरी आत उतरलेलं आहे. अशा वेळी जखमेपेक्षा वाट आधी शोधायची.

आणि वाट तुम्ही स्वतःच सांगितली आहे. प्रतिक्रियेच्या शेवटी, जाता जाता, तुम्ही लिहिलंय की दार-जाळी शाबूत होती, ‘फक्त कोपऱ्यातलं एक कौल सरकलं होतं, ते वाऱ्याने असेल’. वारा सुटला तर एकच कोपरा कशाला धरील? रात्र, छपरावरून वाट, मानेवर चावा आणि एकीच्या जागी पाच, हे सगळं जुळवलं की माझा पहिला संशय उदमांजरावर जातो. कुणी त्याला काळमांजर म्हणतं, कुणी कांडेचोर. फळं हे त्याचं मुख्य खाणं, पण कोंबडी मिळाली तर सोडत नाही. बंद जागेत कोंबड्या फडफडत राहतात, पळायला वाट नसते, आणि समोर हालचाल आहे तोवर शिकारी चावत सुटतो; भूक एकीपुरतीच असते. खात्री करायची तर शिडी लावून भिंतीचा माथा, पन्हळ आणि आढ्याजवळची कौलं तपासा. तिथे जांभळाच्या किंवा भेरली माडाच्या बियांनी भरलेली विष्ठा मिळाली तर शंका उरत नाही. रानमांजरही चढू शकतं, पण त्याच्या विष्ठेत केस आणि हाडांचे तुकडे असतात, बिया नसतात.

बाकीचे थोडक्यात. भटकी कुत्री कोंबड्या झटकून, पाठ फाडून जागोजाग टाकतात आणि पिसं लाळेने चिकट होतात. कोल्हा एक उचलून नेतो, मागे पिसांचा माग राहतो. शिक्रा हा शिकारी पक्षी एका जागी बसून पिसं उपटतो, त्यामुळे पिसांची देठं अखंड राहतात. दाताने तोडलेल्या पिसाचं देठ चेचलेलं असतं. मेलेल्या तलंगेचं डोकं आणि मान ओली, पिसं चोपून बसलेली, बाकी अंग जसंच्या तसं असेल तर सापाने गिळायला घेऊन सोडून दिली आहे. तिथे खुराड्यात हात घालण्याआधी बॅटरी मारा.

पावसातल्या ठशांचा मुद्दा रास्त आहे, पण त्याला उपाय आहे. दोन फूट बाय दोन फुटांचा पत्रा वळचणीच्या आत ठेवा. त्यावर वारुळाची चाळलेली, किंचित ओलसर माती अर्धा-एक सेंटिमीटर पसरून हाताने सपाट करा. सरकलेल्या कौलाखाली भिंतीच्या माथ्यावर रांगोळी भुरभुरवा. सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी बघा, शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून बरोबर वरून फोटो काढा, नाणं २.७ सेंटिमीटर रुंद असतं, त्यावरून माप निघतं. चार बोटं आणि नखं म्हणजे कुत्रा-कोल्हा. चार बोटं, नखं नाहीत, म्हणजे मांजरकुळातलं. पाच बोटं असतील तर मुंगूस किंवा उदमांजर. मुंगसाच्या पुढच्या पायाची लांब नखं बोटांच्या बरीच पुढे उमटतात.

थिमेटचं मनातून काढून टाका. ते मेलेलं आमिष घार खाईल, कावळे खातील, शेजारचा कुत्रा खाईल, वाहून विहिरीशीही जाईल. उदमांजर, मुंगूस, रानमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि विष घालून मारणं हा गुन्हा आहे. शिवाय एक मेलं तरी कौलाची फट तशीच राहणार, त्या वाटेने दुसरं येणार.

खुराड्यातून शिकार मिळाली की तो प्राणी बहुधा परत येतोच, तेव्हा उरलेल्या कोंबड्या आज डालग्याखाली घरात घ्या. उद्या कौलांच्या खालून अर्ध्या इंची वेल्डमेश (सांधे वेल्ड केलेली तारेची जाळी) रिपांना यू खिळ्यांनी ठोका, खिळ्यांत चार इंचांहून जास्त अंतर नको. जांभ्याच्या भिंतीतल्या दोन बोटांहून मोठ्या फटी सिमेंटने बुजवा. पायथ्याशी तीच जाळी एक फूट बाहेरच्या बाजूला जमिनीत आडवी पुरा, म्हणजे उकरणाऱ्याला ती लागेल. नुसता अडसर पुरत नाही, दाराला कडी हवी. आणि त्या पाच कोंबड्या उकिरड्यावर टाकल्या असतील तर काढून तीन फूट खोल पुरा, वर चुना घाला. तो वास राहिला तर कोल्हा आणि कुत्रीही तुमच्या दाराशी येतील.