“कानांचा नुसता बाऊ” या अभिप्रायाला रेंजकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला. आमच्या नेमबाजीच्या रेंजला दोन तारे दिलेत आणि कारणंही स्पष्ट लिहिलीत: कानात फोमचा प्लग असताना वरून इअरमफ, म्हणजे कान झाकणारे हेडफोनसारखे कप, चढवायला लावला, त्यात प्रशिक्षकाच्या सूचना कळेनात, काकांना कानातले कापसाचे बोळे काढा म्हणून सगळ्यांसमोर खडसावलं, आणि दहा वर्षांच्या मुलीला लेनवर न येऊ देता काचेमागे बसवलं. “काकांनी तीस वर्षं बंदूक चालवली, त्यांना काही झालं नाही. इथे कानांचा नुसता बाऊ,” असं तुम्ही म्हणता. आणि अगदी शेवटी, जाता जाता: “एवढं करूनही रात्री डाव्या कानात सूं आवाज येत होता, मग उपयोग काय?”

बाकीच्या तक्रारींना मी चार ओळींत उत्तर दिलं असतं. हे शेवटचं वाक्य वाचून मात्र मला झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी काकांविषयी. त्यांच्याशी ज्या सुरात बोललं गेलं ते चुकलंच. वडीलधाऱ्या माणसाला बाजूला घेऊन, हातात प्लग देऊन दोन वाक्यांत सांगता आलं असतं. संबंधित प्रशिक्षकाशी मी बोलले आहे आणि काकांची मनापासून माफी मागते. कापूस काढायला लावला याबद्दल मात्र माफी मागणार नाही. कापसाने आवाज जेमतेम अडतो, आणि कानात काहीतरी आहे या समाधानात माणूस निर्धास्त राहतो.

आता तुमच्या डाव्या कानाचं. सकाळी आल्याबरोबर मी त्या दिवशीचं कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. प्रशिक्षक काही सांगायला लागले की तुम्ही अंगठ्याने डावा मफ उचलून कान त्यांच्याकडे करत होतात. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मफ वर होता आणि नेमका शेजारच्या लेनमधून नऊ एमएम पिस्तुलाचा बार झाला. तुम्ही दचकलात तेही दिसतं. आतला प्लग अर्धा कानाबाहेर होता, तोही आमच्या कुणाच्या लक्षात आला नाही.

यात तुमची चूक नाही. सूचना ऐकू येईना तर कुणीही मफ उचलेल. जे घालून समोरच्याचं बोलणं कळत नाही, ते माणूस मधूनमधून काढणारच, आणि बार काही आपला मफ परत खाली येईपर्यंत थांबत नाही. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक मफ आहेत. त्यांतून साधं बोलणं ऐकू येतं आणि मोठा आवाज झाला की आतला स्पीकर लगेच तो पुढे जाऊ देत नाही. ते आम्ही प्रशिक्षकांना देत होतो आणि नव्या माणसाला साधे. हे उलटं होतं. सूचना ऐकण्याची सगळ्यांत जास्त गरज नव्या माणसाला असते. आजपासून पहिल्यांदा येणाऱ्या प्रत्येकाला प्लगवर इलेक्ट्रॉनिक मफच मिळेल, आणि लेनवर जाण्याआधी थांबा, बंदूक खाली ठेवा, मागे या या तीन सूचना हाताच्या खुणांनी शिकवल्या जातील.

दोन थर मात्र राहतील. पॉइंट टू टू रायफलचा बार १४० डेसिबलच्या आसपास जातो, नऊ एमएम पिस्तुलाचा १६० च्या घरात. ऐकायला फरक २० चाच, पण डेसिबलमध्ये दर १० ला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, म्हणजे २० ला शंभरपट. मोठ्या माणसाच्या उघड्या कानाला क्षणभरासाठीसुद्धा १४० ही कमाल मर्यादा मानतात. त्यातून आमची रेंज बंदिस्त आहे. तुम्ही स्वतः चाप ओढला नाहीत तरी शेजारचा बार भिंतींवर आपटून तुमच्यापर्यंत येतो. मोठा आवाज झाला की मधल्या कानातला एक बारीकसा स्नायू आखडून थोडं संरक्षण करतो, पण त्याला आखडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बंदुकीचा बार होऊनही गेलेला असतो.

प्लगच्या पाकिटावर तो किती डेसिबल आवाज अडवतो याचा आकडा असतो, समजा ३३, आणि मफवर समजा २५. दोन्ही घातल्यावर ५८ होत नाहीत; मोठ्या आकड्यात साधारण ५ ची भर पडते. शिवाय ते आकडे प्रयोगशाळेतले, नीट बसवलेल्या प्लगचे. घाईत खुपसलेला प्लग त्याच्या निम्माही उपयोगाचा नसतो. दुसऱ्या थराचा खरा फायदा मला तरी हाच वाटतो की एक नीट बसला नसेल तर दुसरा सांभाळून घेतो. तुमच्या बाबतीत त्या एका क्षणी दोन्ही जागेवर नव्हते.

प्लग बसवणं सोपं आहे, फक्त कुणी तरी एकदा दाखवावं लागतं. बोटांत वळून वळून तो वातीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून आणून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. आत फुगताना आजूबाजूचे आवाज हळूहळू लांब जातात, ते जाणवतं. समोरून बघणाऱ्याला प्लग दिसत असेल तर तो बसलेला नाही. आता लेनवर सोडण्याआधी प्रत्येकाचे दोन्ही कान प्रशिक्षक स्वतः बघतील.

“काकांना काही झालं नाही” याबद्दल. त्यांच्या कानांविषयी इथे उघड्यावर बोलणं मला बरं वाटत नाही, म्हणून माझ्याविषयी सांगते. मी सोळाव्या वर्षी रायफल धरली, पुढे बारा बोअरची शॉटगन. तेव्हा आम्हीही कापूसच घालत होतो, कुणी कुणी तर रिकामी काडतुसं कानात बसवायचे. सराव संपला की कानाला दडे बसायचे, दुसऱ्या दिवशी मोकळे व्हायचे, आणि मोकळे झाले म्हणजे बरे झाले असं आम्ही धरून चालायचो. ते तसं नसतं. कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या १५ हजारांच्या आसपास केसपेशी असतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. २००९ साली उंदरांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं की ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, केसपेशीही शाबूत राहिल्या, तरी त्यांचे मज्जातंतूंशी असलेले कित्येक जोड कायमचे तुटले होते.

मलाही बरीच वर्षं “काही झालं नव्हतं”. मग एकदा फोनवर साठ टार्गेटांची मागणी आली आणि मी वहीत आठ लिहिले. मला खरंच आठ ऐकू आलं होतं. स हा बारीक, उंच पट्टीतला आवाज आहे आणि बार आधी तेवढीच पट्टी खातो. स, श, फ, थ हळूच गळून जातात. आवाज येत असतो, म्हणून माणसाला वाटतं कान ठीक आहेत, लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात. तपासणीच्या आलेखावर माझ्या डाव्या कानाची रेघ सरळ चालत येऊन ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे त्याच उंच पट्टीत, खड्ड्यात पडली होती आणि पुढे जराशी वर आली होती. डॉक्टरांनी त्या खड्ड्यावर पेन ठेवून विचारलं, “बंदूक चालवता का?” मी तोवर त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. डावाच कान का, तर उजव्या खांद्यावर दस्ता टेकवून गाल लावला की डावा कान नळीच्या तोंडाकडे होतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो. त्या कानात आज रात्रंदिवस रातकिड्यासारखा आवाज असतो. उजवी कूस उशीवर ठेवली की खोलीत तेवढंच ऐकू येतं. त्याला औषध नाही.

अमेरिकेत निवृत्त सैनिकांना सेवेतल्या दुखापतींसाठी भत्ता मिळतो. त्या दुखापतींत संख्येने पहिला नंबर याच आवाजाचा आहे. काकांना एकदा श्रवणतपासणी करून घ्या म्हणावं, अर्ध्या तासाचं काम आहे. आलेख चांगला आला तर मला सगळ्यांत जास्त आनंद होईल.

आणि तुमची लेक. तिचा हिरमोड झाला तो मी काउंटरवरून पाहिला, आणि मला वाईट वाटलं. तिला दिलेला मफ मोठ्यांच्या मापाचा होता; चष्म्याच्या दांडीपाशी आणि जबड्यापाशी माझं बोट आत जात होतं. बोट जातं तिथून बारही जातो. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी मर्यादा १४० नव्हे, १२० धरली आहे. तेव्हा तुम्ही वडील म्हणून परवानगी दिलीत तरी मी देणार नाही. तिला साठ आणि आठ हे दोन्ही शब्द पुढे कितीतरी वर्षं ऐकायचे आहेत. आमच्याकडे लहान मापाचे मफ नव्हते हा आमचा कमीपणा. ते मागवले आहेत. आले की कळवते. तिला घेऊन या, एअर रायफलचं सत्र वेगळं ठेवते, त्या वेळात दुसऱ्या कुठल्याही लेनवर बंदूक चालणार नाही. मफ तेव्हाही घालावाच लागेल. तिच्या त्या दिवशीच्या फीचे पैसे आजच परत पाठवले आहेत.

तारे तसेच राहू देत, त्याची घाई नाही. डाव्या कानात अजून सूं येत असेल, किंवा त्या कानाला फोन लावल्यावर आवाज दबल्यासारखा वाटत असेल, तर आज किंवा उद्याच कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा आणि बंदुकीचा बार जवळून झाला होता हे त्यांना आधी सांगा. अशा इजेत लवकर गेलं तर उपचाराला वाव असतो, दिवस गेले की तो कमी होत जातो. तपासणीचा खर्च रेंज करेल. डॉक्टर काय म्हणाले ते मला काउंटरच्या फोनवर नक्की कळवा, मी वाट पाहते आहे.