ढकललं की झालं? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की रिमोट ॲक्सेस सर्व्हरमध्ये (बाहेरून मॉडेमने येणारे कॉल घेणारा सर्व्हर) इंटरफेस कार्ड (फोनची लाइन जोडायचं कार्ड) बसवायला एवढं पुराण कशाला, स्लॉटमध्ये ढकललं, स्क्रू मारला, झालं. स्थिर विजेपासून कार्ड वाचवणारा मनगटाचा पट्टा म्हणजे नाटक, पॉवर केबल लावूनच ठेवायची म्हणजे अर्थिंग मिळतं, आणि ई-१ वर (एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल टेलिफोन लाइन) ३२ कॉल चालतात हे मी चुकीचं लिहिलंय.

शेवटचं आधी घेतो कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. टाइमस्लॉट, म्हणजे लाइनवरचे वेळेचे कप्पे, ३२, पण ० नंबरचा फ्रेमिंगला (कप्प्यांची सुरुवात ओळखायला) जातो, १६ नंबरचा सिग्नलिंगला (कॉल जोडण्या-तोडण्याच्या निरोपांना), कॉलला उरले ३०. घाईत लिहिलं, दुरुस्त करतो.

केबलचं मात्र पटलं नाही. बटण बंद केलं तरी बऱ्याच बोर्डांवर स्टँडबायचे ५ व्होल्ट चालूच असतात, त्यात कार्ड सरकवायचं म्हणजे कार्डाला धोकाच. आणि पॉवर सप्लाय दोन असतील तर केबलपण दोन काढायच्या, एकच काढून निवांत बसलेले लोक मी पाहिलेत (त्यात मीपण आलो). हॉट स्वॅपवालं (वीज चालू असताना बदलता येणारं) कार्ड असेल तर गोष्ट वेगळी.

पट्टा चॅसीच्या, म्हणजे सर्व्हरच्या धातूच्या सांगाड्याच्या, रंग नसलेल्या पत्र्याला लावला की तुम्ही आणि चॅसी विजेच्या एका पातळीवर येता, बास, तेवढंच हवं असतं. बोटाला चटका जाणवतो तो साधारण ३००० व्होल्टला, काही चिप तर १०० च्या आतच जखमी होतात, म्हणजे तुम्हाला कळतसुद्धा नाही, आणि कार्ड लगेच मरत नाही हीच तर खरी पंचाईत.

आता तुमचं ते वाक्य, 'माझ्याकडे सगळं चालतंय, मॉडेमचे कॉल मध्येच तुटतात पण ती लाइनची भानगड.' अहो, तिथेच थांबा जरा! कार्ड बसवल्यावर क्लॉक सोर्स, म्हणजे कार्डाने वेळेचा ठेका कुठून घ्यायचा ते, काय ठेवलात? एक्स्चेंजचं क्लॉक घ्यायचं सोडून कार्ड इंटर्नलवर (स्वतःच्याच क्लॉकवर) राहिलं तर दोन्हीकडचा वेग किंचित वेगळा पडतो आणि मधूनमधून एखादी फ्रेम (३२ कप्प्यांचा एक गठ्ठा) गळते किंवा दोनदा येते, त्याला स्लिप म्हणतात. कार्डावरचा दिवा हिरवाच राहतो, साध्या बोलण्यात फार तर टक् असा आवाज, पण मॉडेम मात्र गडबडतो, परत ट्रेनिंगला (समोरच्या मॉडेमशी नव्याने जुळवून घ्यायला) जातो नाहीतर कॉलच सोडतो. मग शिव्या लाइनला.

स्लिपचा काउंटर बघा, १५ मिनिटांनी परत बघा, आणि दोन्ही आकडे इथे टाका. वाढत असेल तर क्लॉक एक्स्चेंजचं घ्या, वाढत नसेल तर कार्ड बाहेर काढून नीट परत बसवा, पट्टा घालून.