पास, पण किंगपिनला प्ले आहे

आमच्या शेजारच्या आजोबांकडे रिलायंट रॉबिन आहे. पुढे एक चाक, मागे दोन, अंग फायबरग्लासचं. १९७३ साली ही गाडी निघाली ती इथेच, इंग्लंडमध्ये मी राहतो त्या टॅमवर्थमध्ये. कारखाना केव्हाच बंद पडला. वळणावर कलंडते म्हणून अख्खं ब्रिटन या गाडीला हसतं, पण आजोबांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. तरुणपणी त्यांच्याकडे मोटारसायकलचंच लायसन्स होतं आणि साडेचारशे किलोच्या आतली तीनचाकी त्यावर चालवता यायची. टॅक्सही कमी. बायकोमुलांना पावसात न भिजवता फिरवायचा तेवढाच एक स्वस्त मार्ग. आताची त्यांची गाडी १९९२ ची.

गेल्या महिन्यात तिच्या एमओटीला मी सोबत गेलो. एमओटी म्हणजे इथलं पासिंग. १९६० साली परिवहन मंत्रालयाने, म्हणजे मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्टने सुरू केलं आणि खात्याचं नाव बदललं तरी मंत्रालयाची तीन अक्षरं तपासणीला चिकटून राहिली. तपासणी सरकारी अधिकारी नाही, मान्यता मिळालेलं खासगी गॅरेज करतं. एका गॅरेजने फोनवरच नको म्हटलं. कारण साधं आहे: तपासणीचा खड्डा दोन चाकोऱ्यांच्या मधोमध असतो आणि रॉबिनचं पुढचं चाकही नेमकं मधोमध. गाडी पुढे घेतली की चाक थेट खड्ड्यात! दुसऱ्या गॅरेजमध्ये दोघांनी मिळून खड्ड्यावर जाड फळी टाकली, मग गाडी आत घेतली. तपासनीसाने पुढचं चाक जॅकवर उचललं, खाली टॉमी, म्हणजे लोखंडी दांडा घातला आणि हलकेच वर ढकललं. टक्. पुन्हा ढकललं. टक्. मग उठून हात पुसले आणि कॉम्प्युटरवर लिहिलं: किंगपिनला प्ले आहे, मर्यादेत आहे, लक्ष ठेवा. किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं तो खिळा, प्ले म्हणजे त्यातला ढिलेपणा. गाडी पास. एवढ्या वजनाच्या तीनचाकीला फी जास्तीत जास्त ३७.८० पौंड.

तो टक् आवाज मी ओळखत होतो. आमच्या नानाकाकांची रिक्षा होती. पासिंगचा दिवस म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम, असं ते म्हणायचे. आदल्या रात्री रिक्षा रंगवून, हूड धुऊन, मित्राच्या रिक्षेचे दोन बरे टायर उसने घेऊन मुलगी सजवावी तशी सजवायची. संध्याकाळी टायर ज्याचे त्याला परत. काका लबाड नव्हते. टायरचे पैसे पुढच्या महिन्यात येणार होते आणि पासिंगची तारीख या महिन्यात होती, एवढंच. पण त्या दिवशी रिक्षेच्या तब्येतीची जी नोंद झाली ती दुसऱ्या दिवशीच खोटी होती.

आता ती लाइन चुलतभाऊ चालवतो. तो मला घरच्या ग्रुपवर बातम्या पाठवतो आणि खाली एकच प्रश्न: तिकडे कसं असतं रे? पासिंग चुकलं तर दिवसाला पन्नास रुपये दंड, यावर २०२४ मध्ये केवढं रान पेटलं होतं. उन्हाळ्यात वसुली सुरू झाली, रिक्षा संघटना रस्त्यावर उतरल्या, पावसाळ्यात सरकारने ती थांबवली. मग २०२५ च्या नोव्हेंबरात वीस वर्षांवरच्या तीनचाकीची फिटनेस, म्हणजे पासिंगची फी सात हजारांवर गेली. त्याआधी पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांच्या जनहित याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं होतं, की ब्रेक तपासायचे तर आरटीओकडे अडीचशे मीटरचा ट्रॅक तरी हवा. आता वाद मशीनने तपासणी करणाऱ्या ऑटोमेटेड केंद्रांचा आहे. मशीन पैसे खात नाही म्हणणारे एका बाजूला, मशीनच्या नावाखाली ठेकेदार आणताय म्हणणारे दुसऱ्या बाजूला.

परदेशातला माणूस या वादात पडला की तिकडचं सगळं सरळ आणि आपलं सगळं वाकडं असं सांगत सुटतो. मला ते जमणार नाही, कारण नियमांच्या कागदावर एका बाबतीत आपणच पुढे आहोत. आपल्याकडे ऑटोमेटेड केंद्र चालवणाऱ्याने गाडी दुरुस्त करायची नाही, सुटे भाग विकायचे नाहीत, असं नियमातच लिहिलंय. इथे नापास करणारं गॅरेजच विचारतं, ‘दुरुस्त करून देऊ का?’ आजोबांचा यावरून दरवर्षी एकदा तरी पारा चढतो. गाडी न बघताच पास करणारे महाभागही इथे सापडतात. ते रोखायला तपासणी चालते तिथेच गाडीचा फोटो काढून बघायचा प्रयोगही झाला. आणखी एक उलटी गंमत म्हणजे चाळीस वर्षं ओलांडलेल्या, मोठे बदल न केलेल्या गाडीला इथे एमओटीच लागत नाही. आपल्याकडे आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग. पण आजोबांची रॉबिन वर्षभरात तीनेकशे मैल जाते, तीही रविवारी. भाऊ तेवढं आठवड्यात सहज पार करतो, मागे तीन शाळकरी पोरं बसवून. तेव्हा ही सवलत भारतात आणा म्हणणाऱ्याला मी हात जोडीन.

मग विश्वास कशावर ठेवायचा? मला वाटतं, त्या टक् आवाजाचं पुढे काय होतं त्यावर. तो आवाज सरकारी वेबसाइटवर गेला. गाडीचा नंबर टाका, कुणालाही दिसतो. ओळख नको, अर्ज नको. रॉबिन कधी नापास झाली, कुठल्या ब्रेकमुळे झाली, तेव्हा किती मैल चालली होती, सगळं ओळीने. किंगपिनची सूचना सलग तीन वर्षं दिसली तर विकत घेणारा तेवढे पैसे कमी करतो. आणि एका वर्षी कुणी ‘सगळं उत्तम’ लिहिलं असेल तर त्याच्या शेजारी पुढच्या वर्षीच्या तपासनीसाचा शेरा उठून दिसतो. टायर उसने आणले तर ते इथेही खपून जाईल, एखाद वर्ष.

आपल्याकडे एमपरिवाहन या सरकारी ॲपवर नंबर टाकला की फिटनेस कधीपर्यंत आहे ती तारीख दिसते. तारीख. मशीनने ब्रेकचा जोर मोजला, कमी भरला की काठावर भरला, हे रिक्षेत बसणाऱ्याला किंवा ती विकत घेणाऱ्याला कुठे कळतं? मशीन येवो, ट्रॅक येवो, दंड पन्नासाचा पाचशे होवो, बाहेर पडतो तो एकच शब्द: पास. मशीनवर एवढा खर्च करायचा आणि त्याने मोजलेलं कपाटात ठेवायचं, हे मला तरी पटत नाही.

भावाने मागच्या वर्षी रिक्षा बदलली. २०१४ ची, सेकंडहँड, ‘नुकतंच पासिंग झालंय’ या एका वाक्यावर घेतली. तिसऱ्या आठवड्यात उतारावर ब्रेक बसला तो वर आलाच नाही. नशिबाने रिकामी होती, कठड्याला घासून थांबली. मास्टर सिलिंडर, मागचे दोन्ही ड्रम, लायनर, सगळं बदलावं लागलं. म्हणून मी त्याला रॉबिनच्या नोंदीचा स्क्रीनशॉट पाठवला आणि लिहिलं, असं हवं.

त्याचं उत्तर लगेच आलं. ‘आमच्या रिक्षेची अशी कुंडली जगाला दाखवली तर उद्या विकू कुणाला?’

मी विचारलं, ‘तू घेतलीस तेव्हा अशी कुंडली दिसली असती तर?’

निळ्या टिका आल्या. उत्तर रात्री, शेवटचं भाडं सोडल्यावर: ‘घेतली असतीच. दहा हजार कमी करून.’