संकासुर, बापू आणि दोन अण्णा

बायकांना गोष्टीतले वाया गेलेले पुरुषच का आवडतात, असा प्रश्न आमच्या फॅमिली ग्रुपवर एका भावोजींनी टाकलाय आणि खाली सगळ्यांनी दात काढलेत. तिथे उत्तर देत नाही. एक तर भावोजी आहेत, मान ठेवायला लागतो, आणि दुसरं म्हणजे त्या ग्रुपवर कोणी चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं की लगेच कोणीतरी गणपतीचा फोटो टाकून विषय बंद करतं. म्हणून इथे लिहितेय. लांब होणार आहे, जेवणं आटपून वाचा.

तर पहिली गोष्ट, हे बायकांचं वगैरे काही नाहीये. आमच्या सिंधुदुर्गात जत्रेला या एकदा. देवळासमोर दशावतार, स्टेजवर एक बाकडं, बाजूला पेटी, मृदंग, झांज. मुख्य नाटकाच्या आधी आडदशावतार असतो त्यात गणपती येतो, रिद्धी सिद्धी येतात, भटजी, सरस्वती, ब्रह्मदेव, सगळे येऊन आपापलं करून जातात आणि अर्धं पब्लिक तिकडे खाज्याच्या दुकानावर नाहीतर चहाच्या टपरीवर. मग संकासुर येतो. काळाकुट्ट वेश. गुन्हा काय तर वेद चोरलेत, म्हणजे किरकोळ चोरी नाही, पण टपरीवरची माणसं अर्धा चहा टाकून धावत येतात. कारण बाकीचे देव देवासारखे बोलतात आणि हा आपल्या मालवणीत बोलतो. संवाद कोणी लिहून दिलेले नसतात, सगळं जागच्या जागी. भटजीची टर उडवतो, ब्रह्मदेवाला सोडत नाही, पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसलेल्या पुढाऱ्याला तर अजिबात सोडत नाही, आणि तो पुढारीही हसतो कारण न हसून सांगतो कोणाला. शेवटी विष्णू येऊन त्याला मारतो. मारायलाच पाहिजे, वेद परत मिळायला नकोत का. पण हसून हसून पोट दुखलेलं असतं ते संकासुरामुळे, आणि हसणाऱ्यांत धोतरवाले आजोबा असतात, बायका असतात, आईच्या मांडीवरची पोरं असतात. भावोजी, तुम्हीपण होता मागच्या जत्रेत, मी बघितलंय.

आता तो आवडतो का, तर वाईट आहे म्हणून नाही. तो कोणाच्या अंगावर जातो ते बघा. त्याच्यापेक्षा वरच्यांच्या. आपल्याला जे तोंडावर बोलायचं असतं पण गावात राहायचंय म्हणून आपण गिळतो ते हा बोलून टाकतो आणि त्याची शिक्षापण तोच भोगतो, आपल्याला फुकटात मजा. मला वाटतं सगळ्या आवडत्या बिघडलेल्या पोरांचं गणित हेच आहे. वरच्याला नडतो की खालच्याला चिरडतो. बाकी दाढी, सिगारेट, बाइक हा सगळा मेकअप.

गारंबीचा बापू घ्या. श्री. ना. पेंडशांची कादंबरी, १९५२ सालची, आमच्या खालच्या कोकणातली नाही, दापोलीकडची, पण कोकणातल्या प्रत्येक वाचनालयात तिची प्रत हाताळून मऊ झालेली असते. बापू उनाड, कोणाचं ऐकत नाही, गावाच्या दृष्टीने फुकट गेलेला. आणि समोर कोण, तर अण्णा खोत. आता ज्यांना खोती म्हणजे काय माहीत नाही त्यांना तो नुसता म्हातारा व्हिलन वाटेल, पण खोत म्हणजे सारा गोळा करणारा, जमीन त्याच्या हातात, कुळं त्याच्या मुठीत, गावाने वाकायचं म्हणजे वाकायचं. खोती रद्द करायचा कायदा झाला १९४९ ला, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा कागदावर खोती गेलेली होती पण लोकांच्या पाठीचा बाक गेलेला नव्हता. अशा वेळी एक पोरगा खोताच्या नजरेला नजर देतो, हॉटेल चालवणाऱ्या राधेबरोबर गावाच्या नाकावर टिच्चून राहतो, तर लोकांना तो आवडणार नाही तर काय होणार? आणि पेंडशांनी त्याला गोड वगैरे करून ठेवलेला नाही हे महत्त्वाचं. तो हट्टी आहे, उद्धट आहे, डोकं फिरलं की फिरलं. पण राधेशी तो जे वागतो ते लपूनछपून नाही, दिवसाढवळ्या वागतो. गावातले सभ्य लोक जे रात्री करतात ते हा सकाळी करतो, एवढाच त्याचा मोठा गुन्हा.

आता दुसरे अण्णा. अण्णा नाईक. इथे माझं गणित जरा गडबडतं हे मला माहितीये, आणि कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच म्हणून आधीच बोलते.

रात्रीस खेळ चाले ही टीव्हीवरची सिरीयल, हे अण्णा त्यातले, पहिल्यांदा आली २०१६ ला तेव्हा अण्णा मेलेलेच होते. गोष्टच त्यांच्या मरणापासून सुरू होते, म्हणजे त्या माणसाने आयुष्यभर जे केलं त्याचं बिल आधी आलं आपल्यासमोर, ते घर, ती त्यांची बायको माई, ती पोरं, एकेक. मग २०१९ ला दुसरा भाग आला तो मागच्या काळात गेला, आता अण्णा जिवंत, माधव अभ्यंकरांची ती मिशी आणि ते बघणं, आणि त्यांची बाहेरची बाई शेवंता. हा माणूस बापूच्या अगदी उलट, वरच्याला नडत नाही, तोच वरचा आहे. जमिनी ढापतो, गड्यांना मारतो, बायकोला माणसात धरत नाही. माझ्या हिशोबाने तो आवडायलाच नको होता. आणि झालं काय? शूटिंग आमच्याच इथे आकेरीला, त्या घराबाहेर लोक गाड्या थांबवून फोटो काढायचे, मोबाइलवर अण्णांचे मीम फिरायचे. आमच्या सासूबाई, ज्या टीव्हीतल्या वाईट माणसाला खऱ्या शिव्या घालतात, त्या म्हणायच्या, "मेलो वायट आसा खरो, पण तेच्यावरची नजर हलणा नाय."

मी यावर बराच विचार केलाय (कामं सोडून असले विचार करते असं नवऱ्याचं मत आहे). निळू फुल्यांनी पडद्यावर असलेच सरपंच नि पाटील केले, अभिनय तर काय सांगायचा, पण त्यांच्यावर कोणी भाळलं नाही, बाया बोटं मोडायच्या. कारण तिकडे कॅमेरा त्या अडकलेल्या बाईच्या बाजूने उभा असायचा. आणि अण्णांच्या वेळी तो बरेचदा अण्णांच्या खांद्यामागे जाऊन उभा राहिला. त्यांचं नटणं, शेवंताकडे निघणं, तिच्यासमोर विरघळणं हे सगळं आपण त्यांच्या बाजूने बघितलं. वर परत रील. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये मिशी येते, म्युझिक येतं, शेवंता हसते. माई त्यात येत नाही. पूर्ण एपिसोड बघणाऱ्या सासूबाईंना माई दिसत होती, त्या माईसाठी रडायच्यापण. त्यांची नजर हलत नव्हती पण त्यांनी माफ काही केलं नव्हतं. नजर खिळणं आणि जीव लागणं यात फरक आहे आणि तो आमच्या सासूबाईंना कळतो, ग्रुपवरच्या लोकांना कळत नाही, कारण त्यांनी सिरीयल बघितली ती रीलमध्ये.

हल्ली मोबाइलवर ज्या कथा येतात ना, मराठीतच, भाग एक ते भाग दीडशे, त्या मी वाचते, लाजायचं काय त्यात. तिथला हिरो म्हणजे कंपनीचा मालक, कायम चिडलेला, हिरोइनचं मनगट धरून भिंतीला टेकवणारा, आणि मग कळतं की लहानपणी आई गेली म्हणून तो असा. अरे पण मालक तू, ती तुझ्या ऑफिसात नोकरीला, पगार तुझ्या सहीने होतो, यात बिघडलेलं पोरगं कुठे आलं, हा तर खोत झाला सूट घातलेला! रात्री अकरा वाजता पुढचा भाग आला की मी वाचते ते वेगळं. पण हा बापूच्या पंगतीतला नाही, त्याला नुसते बापूचे कपडे घातलेत.

आणि भावोजी, एक तुमच्या बाजूने पण बोलते. या सगळ्या गोष्टींत जो चांगला माणूस असतो त्याला लेखक कामच देत नाहीत. तो डबा घेऊन जातो, छत्री आणून देतो, शेवटी लग्नाला आहेर करतो. त्याला एक तरी सीन द्या ज्यात तो चिडतो, खोटं बोलतो, काहीतरी पणाला लावतो. चांगुलपणात दोष नाही, लिहिण्यात आळस आहे.

ते सुधारण्याचंपण तसंच. प्रेमाने हात फिरवला आणि पोरगा सुधारला, की माझा इंटरेस्ट गेला. एकाच ठिकाणी हे मला पटलंय ते म्हणजे लाल्या. अश्रूंची झाली फुले, १९६६, कानेटकरांचं नाटक. काशिनाथ घाणेकर, चिपळूणचा माणूस, धंद्याने दातांचा डॉक्टर, ज्याचं नाव नाटकाच्या घोषणेत सगळ्यात शेवटी "आणि" लावून घ्यायचे. बापूपण स्टेजवर त्यांनीच केला होता. लाल्या कॉलेजातला गुंड, प्रोफेसर विद्यानंद त्याला माणसात आणतो आणि लाल्या थेट पोलीस होतो. दुसरं कोणतं नाटक असतं तर इथेच झोप लागली असती. पण कानेटकरांनी केलं काय, लाल्यातून काढलेलं वाईटपण फेकून नाही दिलं, त्या साध्या प्रोफेसरला खोट्या आळात अडकवून तुरुंगात घातलं आणि तो बाहेर आला तो बिघडून. म्हणजे स्टेजवर बिघडलेला माणूस शिल्लक राहिलाच, फक्त जागा बदलली.

आमच्या बाबांनी ते नाटक तरुणपणी बघितलेलं. त्यांना विचारलं तर लाल्या पोलीस होऊन येतो तेव्हाचं फारसं काही सांगता येत नाही. आधीचा लाल्या कसा चालायचा ते मात्र गुडघे दुखत असले तरी उठून करून दाखवतात, आणि आई आतून ओरडते की पडाल.