बेटाला मदत करा, पण पाय ओले करू नका

तुम्ही श्रीमंत देशाच्या मदत खात्यात बसला आहात आणि पॅसिफिकातलं एखादं बेट पाण्याखाली चाललंय. असा योग रोज येत नाही. गडबडून पैसे मात्र देऊन बसू नका.

आधी आकडा जाहीर करा. आकडा गोल हवा, मुदत लांबची. २००९ साली कोपनहेगनच्या हवामान परिषदेत गरीब देशांसाठी वर्षाकाठी १०० अब्ज डॉलर ठरले, २०२० पर्यंत द्यायचे. जमले २०२२ मध्ये. पुढे २०२४ मध्ये बाकूच्या परिषदेत ३०० अब्ज ठरलेत, मुदत २०३५. तोवर तुमची बदली झालेली असेल.

बेरजेत कर्जही धरा, सगळेच धरतात. २०१७ च्या मारिया चक्रीवादळात डॉमिनिका या कॅरिबियन बेटाचं नुकसान वर्षाच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून जास्त झालं. अशा घरी हप्त्याचं बोलणं काढताना आवाज मऊ ठेवावा. ‘भरपाई’ हा शब्द मात्र चुकूनही उच्चारू नका. नुकसानीच्या कलमावरून कुणी भरपाई मागू नये, हे २०१५ मध्ये पॅरिसच्या हवामान करारावेळीच लिहून घेतलंय. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

मग अर्ज. पॅसिफिकातल्या तुवालू या देशाची वस्ती अकरा हजारांच्या आसपास, त्यामुळे अर्ज भरणारा, सही करणारा आणि वाळूची पोती रचणारा बहुधा एकच. त्याला विचारा, समुद्र हवामानबदलामुळेच चढतोय कशावरून? साधी भरती नसेल कशावरून? पुरावा जोडा, तीन प्रतींत.

सौर पॅनेल मात्र जरूर द्या, फोटो झकास येतो. फीत कापा, हार घालून घ्या, संध्याकाळच्या विमानाने निघा. पुढे खाऱ्या वाऱ्याने इन्व्हर्टरचे स्क्रू तांबूस होतील, मग हिरवट, मग एक दिवस तो गप्पच होईल. सुटा भाग तुमच्याच देशात मिळतो, आणि दुरुस्तीचा खर्च आपण ‘स्थानिक सहभाग’ या सदरात ढकलला आहेच. म्हणून सांगतो, जुना डिझेल जनरेटर भंगारात काढायला लावू नका. रात्री तोच धडधडणार. (टोकेलाऊ या पॅसिफिकातल्या बेटसमूहाने न्यूझीलंडच्या पैशाने २०१२ मध्ये जवळजवळ सगळी वीज सूर्यावर आणली. असली उदाहरणं बैठकीत काढून कुणाचा विरस करू नये.)

२०२१ मध्ये तुवालूचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी कोट-टाय घालून, गुडघाभर समुद्रात उभं राहून भाषण केलं. तो व्हिडिओ बैठकीत अवश्य लावा. त्याआधी एसी तेवढा कमी करायला सांगा, पाणी बघून लोकांना गारठायला होतं.